अंगठी, गाढव आणि सफरचंद : खुलताबादेत विसावलेल्या टिपणकाराने लिहून ठेवलेला मनकवडेपणाचा पाठ

१/
एका शहरातल्या चौकात गर्दीचे कडे जमले आहे. मध्यभागी एक खेळकरी आणि डोळ्यांवर कापडाची पट्टी बांधलेले त्याचे गाढव. खेळकरी एक अंगठी काढतो, बघ्यांपैकी एकाच्या हाती देतो आणि जाहीर करतो की अंगठी कोणापाशी आहे ते हे गाढव शोधून काढेल. गाढव कड्याने फिरू लागते, एकेकाला हुंगते, पुढे सरकते आणि नेमके अंगठीवाल्यासमोर येऊन थांबते.

आज हाच खेळ रंगमंचावर झाला, तर त्याला ‘मेंटॅलिझम’ म्हणतील. त्याची ही हकीकत मात्र सातशे वर्षांपूर्वीच्या एका टिपणवहीत आहे, आणि ती वही लिहिणारा माणूस खुलताबादेत चिरनिद्रा घेत आहे. (धागा)

२/
छत्रपती संभाजीनगरहून निघून दौलताबादचा किल्ला मागे टाकला आणि घाट चढला की खुलताबाद लागते. पलीकडे उतरले की वेरूळची लेणी. गावाचे जुने नाव रौजा, म्हणजे बाग आणि समाधिस्थानही. औरंगजेबाला मरणोत्तर ‘खुल्द-मकान’ ही पदवी मिळाली आणि तिच्यावरून हे नवे नाव रूढ झाले. बहुतेक प्रवासी बादशहाची साधी कबर पाहून परततात. पण बादशहाने इथेच पुरले जावे अशी इच्छा धरली, ती चौदाव्या शतकातल्या सूफींच्या सान्निध्यासाठी. खुलताबादचा खरा इतिहास औरंगजेबाच्या साडेतीनशे वर्षे आधी सुरू होतो.

३/
या सूफींच्या गावातच अमीर हसन सिज्जी याची कबर आहे. हसन हा दिल्लीचा फारसी कवी, अमीर खुस्रोचा मित्र आणि ख्वाजा निजामुद्दीन औलिया यांचा मुरीद, म्हणजे दीक्षित शिष्य. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीतील प्रतिष्ठितांना दौलताबादेस हलवले. त्या ओघात तोही दख्खनमध्ये आला आणि इथेच वारला. त्याच्या गझलांपेक्षाही त्याला अमर केले ते एका गद्य ग्रंथाने. त्याचे नाव ‘फवाइद-उल-फुआद’. २८ जानेवारी १३०८ पासून १३२२ पर्यंत निजामुद्दीनांच्या १८८ बैठकींत जे बोलणे झाले, त्याची ही टिपणे. अशा संभाषण-नोंदींना ‘मलफूझात’ म्हणतात.

४/
ही टिपणे कशी झाली, हेही हसनने नोंदवले आहे. आरंभी तो गुपचूप लिहीत होता. बैठकीत ऐकायचे आणि घरी जाऊन उतरवून काढायचे. वर्षभराने त्याने भीत भीत गुरूला हे सांगितले. गुरूने रागावण्याऐवजी आपली आठवण सांगितली : तरुणपणी त्यांनीही आपले गुरू बाबा फरीद यांचे बोल असेच लिहून ठेवले होते. मग त्यांनी हसनची पाने मागवून वाचली. काही ठिकाणी जागा कोऱ्या सोडलेल्या दिसल्या. तिथले शब्द नीट आठवले नव्हते, म्हणून हसनने अंदाजाने ते भरले नव्हते. गुरूने त्या जागा स्वतः पुऱ्या केल्या.

वक्त्याने तपासलेल्या, गाळलेल्या जागा त्याच्याकडून भरून घेतलेल्या या व्याख्यान-नोंदी आहेत. मध्ययुगीन साधनांत इतकी भक्कम वंशावळ थोड्याच ग्रंथांना लाभते.

५/
गुरूचे बोलणे जपण्याचा आणखी एक मोठा उद्योग काही दशके आधी झाला होता. चक्रधरस्वामींचा काही काळ वेरुळात मुक्काम होता. त्यांच्या प्रस्थानानंतर म्हाइंभटांनी शिष्यांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, तेव्हा गुरू नजरेआड होते. म्हाइंभटांपुढे साक्षीदार होते, हसनपुढे प्रत्यक्ष वक्ता. दोघांनाही एकच चिंता होती : बोललेला शब्द हातातून निसटू नये.

६/
जादूगारांच्या जगातही व्याख्यान नावाची संस्था आहे. रंगमंचावर पोट भरणारा अनुभवी कलावंत होतकरूंना जमवतो. आधी प्रयोग करून दाखवतो, मग त्यामागची युक्ती उलगडतो, मग तो कसा सादर करायचा ते सांगतो. शेवटी ‘लेक्चर नोट्स’ची छोटी पुस्तिका विकत मिळते. प्रयोग, युक्ती, सादरीकरण असा तो तीन पायऱ्यांचा पाठ.

हसनच्या वहीत मनकवडेपणाचे प्रसंग आहेत, पण मधली पायरी तिथे नाही. काय घडले ते आहे, त्यातून काय घ्यायचे ते आहे, आणि युक्तीच्या जागी मौन आहे. या मौनाचे कारण गाढवाच्या गोष्टीत सापडते.

७/
ही गोष्ट निजामुद्दीनांनी बैठकीत सांगितली. तिचा नायक शेख सादुद्दीन हमुया, तेराव्या शतकातला खोरासानचा सूफी. त्याच्या नगराच्या अधिपतीचा त्याच्यावर विश्वास नव्हता. तरी एके दिवशी तो भेटीस आला. शेखने त्याचा आदर केला, जवळच्या बागेतून सफरचंदे मागवली, कापून वाटली. तबकात एक सफरचंद इतरांहून मोठे होते. राजाच्या मनात आले की या फकिराचे अंतःकरण खरोखर निर्मळ असेल, तर तो हे फळ उचलून मलाच देईल.

हा विचार त्याने बोलून दाखवला नव्हता.

८/
तोच शेखने नेमके ते सफरचंद उचलले. दिले मात्र नाही. ते हातात धरून, राजाकडे तोंड करून तो एक प्रवासातली आठवण सांगू लागला : चौकातला खेळकरी, पट्टी बांधलेले गाढव, बघ्याच्या हातातली अंगठी, हुंगत हुंगत थांबणारी पावले.

गोष्ट संपल्यावर त्याने तिचा अर्थ सांगितला. माणसाने मनातले ओळखून दाखवले, तर तो त्या गाढवाच्या पंक्तीला बसतो. ओळखून दाखवले नाही, तर समोरच्याला वाटते की याच्या ठायी काहीच नाही. एवढे बोलून त्याने सफरचंद राजाकडे फेकले.

९/
मनकवडेपणाच्या इतिहासात हा प्रसंग मोलाचा आहे, कारण त्यात परीक्षेचीच परीक्षा होते. राजाने मनातल्या मनात एक सापळा लावला होता. फळ दिले तर शेख राजाची करमणूक करणारा ठरतो, न दिले तर ढोंगी. शेख सापळ्यात अडकतो, पण अडकता अडकता तो सापळा सर्वांना दाखवतो. फळ पोचते, तोवर त्याचा पुरावा म्हणून असलेला भाव उतरलेला असतो. राजाला हवे ते मिळते; फक्त ते मागणारा माणूस किती लहान दिसतो, हेही त्याच क्षणी कळते.

१०/
आता गाढवाकडे वळू. डोळे बांधलेल्या जनावराला अंगठीवाला कसा सापडतो?

या प्रकारच्या प्रश्नाची सर्वांत काटेकोर चौकशी बर्लिनमध्ये झाली. विल्हेल्म फॉन ओस्टेन या निवृत्त गणितशिक्षकाचा ‘हान्स’ नावाचा घोडा खूर आपटून बेरजा-वजाबाक्यांची उत्तरे देई. १९०४ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने पाहणी केली. तिला लबाडी आढळली नाही. लबाडी नव्हतीच. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने प्रयोग बदलून पाहिले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स चुके.

११/
घोडा गणित करत नव्हता, तो माणसे वाचत होता. योग्य आकडा आला की प्रश्नकर्त्याचे डोके नकळत किंचित हले आणि हान्स थांबे. फुंग्स्टने मग स्वतःच घोड्याची भूमिका घेतली. समोरच्याने मनात आकडा धरायचा आणि फुंग्स्टने हाताने ठोके देत जायचे. २५ पैकी २३ जणांत त्याला तीच नकळत हालचाल आढळली. १९०७ मध्ये त्याने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

मन बंद पेटीत राहत नाही, ते मानेत, पापणीत, श्वासात सांडते, हा त्याचा सारांश. गाढवाचे डोळे बांधलेले होते, तरी कान मोकळे होते. धन्याच्या पावलांचा आवाज, त्याच्या बोलण्यातला चढउतार, अंगठीवाल्यापाशी आल्यावर गर्दीने रोखलेला श्वास; सरावलेल्या जनावराला थांबण्यासाठी यातली एखादी खूण पुरते.

१२/
मराठी मुलखाला हा खेळ परका नाही. दारोदारी फिरणारे नंदीवाले झूल घातलेला बैल घेऊन येत. गुबुगुबु वाजणारे वाद्य घुमे, धनी प्रश्न विचारी आणि नंदी मान हलवून होकार वा नकार देई. पाऊस पडेल का, घरातले लग्न जमेल का, याची उत्तरे त्या मानेवर ठरत. धन्याची खूण बैलाला कळे, प्रेक्षकाला कळत नसे.

भाषेला मात्र ती कळली होती. दुसऱ्याच्या इशाऱ्यावर मान डोलावणाऱ्याला मराठीत ‘नंदीबैल’ म्हणतात. अवघ्या एका शब्दात लोकांनी प्रयोगाची मधली पायरी सांगून टाकली आहे.

१३/
या प्रकाशात तबकाचा प्रसंग पुन्हा वाचता येतो. एक फळ इतरांहून मोठे आहे. अविश्वासू पाहुणा समोर बसला आहे. त्याची नजर कुठे जाईल? आयुष्यभर लोकांची गाऱ्हाणी ऐकलेल्या वृद्धाला ती नजर दिसणे अशक्य नाही. श्रद्धावंत याला ‘कश्फ’ म्हणेल, म्हणजे पडदा दूर होऊन दिसणे. मेंटॅलिस्ट याला निरीक्षण म्हणेल. सूफी परंपरेत यासाठी आणखी एक शब्द आहे, ‘फिरासत’, म्हणजे बाह्य खुणांवरून अंतरंग ओळखण्याची दृष्टी. अरबीत हाच शब्द चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याच्या विद्येलाही लावला जाई. दोन अर्थांतली सीमारेषा त्या काळातही धूसर होती.

१४/
हसनचा स्वतःचा अनुभव याहून साधा आहे. तो नोकरदार होता आणि एकदा त्याचे वेतन अडले होते. ही विवंचना मनात घेऊन तो बैठकीला गेला. त्याने काही सांगण्याआधीच निजामुद्दीनांनी एका ब्राह्मणाची गोष्ट काढली. अधिकाऱ्याने त्याची सगळी संपत्ती हिरावून घेतली होती. वाटेत भेटलेल्या मित्राने हालहवाल विचारला, तेव्हा तो म्हणाला की सारे उत्तम आहे, जानवे अजून गळ्यात आहे.

हसनने लिहिले आहे की ही गोष्ट आपल्या सांत्वनासाठीच होती, हे त्याला तिथेच उमगले.

१५/
इथे गुरूने मन ओळखल्याचा दावा केलेला नाही. तुझे वेतन अडले आहे, असा एक शब्दही उच्चारलेला नाही. त्याने फक्त गोष्ट सांगितली आणि तिच्यात आपला चेहरा शोधण्याचे काम ऐकणाऱ्यावर सोडले. वेतन थकल्याची वार्ता कोणी आधीच पोचवली असेल, हेही सहज शक्य आहे. दिल्लीच्या त्या वर्तुळात असल्या गोष्टी लपत नसत. पण तसे असले तरी प्रसंगाचे मोल घटत नाही. रंगमंचावरचा मेंटॅलिस्ट माहिती मिळवतो आणि ती उच्चारून टाळ्या घेतो. इथे माहिती मिळाली आणि ती झाकून दिलासा दिला गेला. भर बैठकीत हसनची अडचण उघडी पडली नाही.

१६/
हा संयम म्हणजे एकट्या गुरूचा स्वभावविशेष नव्हता, चिश्ती परंपरेची ती शिस्त होती. निजामुद्दीनांनी तिचा हिशेबच मांडला होता : साधनेच्या मार्गात १०० टप्पे, त्यांतला कश्फ आणि करामतीचा टप्पा सतरावा. साधक तिथेच रमला, तर उरलेले ८३ केव्हा चालणार?

मनकवडेपण नाकारलेले नाही, त्याला फक्त त्याची जागा दाखवलेली आहे. सतरा म्हणजे प्रवासाचा पाचवा हिस्साही नाही.

१७/
मग अशा बैठकीत बसून शिष्य मनाविषयी नेमके काय शिके? सूफी पाठ्यग्रंथांत मनात अचानक येणाऱ्या विचाराला ‘खातिर’ म्हणतात आणि त्याचे चार उगम मानतात : ईश्वर, देवदूत, स्वतःचा अहं आणि सैतान. आलेला विचार यांपैकी कोणाकडून आला, हे ओळखण्याचा अभ्यास करायचा. म्हणजे मन वाचायचे, पण पहिल्यांदा स्वतःचे.

मराठीतली ‘खातर’, ‘खात्री’, ‘खातरजमा’ ही मंडळी याच अरबी ‘खातिर’च्या घरातली. खातरजमा म्हणजे मुळात विखुरलेले मन गोळा होणे.

१८/
हा पाठ दख्खनमध्ये रुजवला बुऱ्हानुद्दीन गरीब यांनी. मूळचे हांसीचे, निजामुद्दीनांचे ज्येष्ठ शिष्य. दौलताबादेस आले आणि १३३७ मध्ये निवर्तले. खुलताबादची मोठी दर्गाह त्यांचीच. त्यांच्याभोवती काशानी घराण्यातले भाऊ जमले. रुक्नुद्दीन हा दबीर, म्हणजे लेखनिक अधिकारी. त्याने हसनच्या धर्तीवर ‘नफाइस-उल-अन्फास’ हा बैठकींचा वृत्तांत लिहिला. हम्मादुद्दीनने ‘अहसन-उल-अक्वाल’ रचला. हसनची वही आता एका संपूर्ण लेखनपरंपरेचा नमुना झाली होती.

१९/
तिसरा भाऊ मजदुद्दीन. त्याच्या ग्रंथाचे नाव ‘गराइब-उल-करामात’, आणि पुऱ्या शीर्षकात करामतींच्या जोडीला ‘मुकाशफात’ही आहेत, म्हणजे मनोगते आणि गुपिते उलगडल्याचे प्रसंग. जी गोष्ट निजामुद्दीनांनी सतराव्या टप्प्यावर ठेवली होती, ती आता ग्रंथाच्या शीर्षकात आली.

यात शिष्याची लबाडी शोधण्याचे कारण नाही. गुरू समोर बसलेला असतो तेव्हा त्याचे बोलणे पुरते. तो गेल्यावर पुढच्या पिढीला खूण हवी असते. सफरचंद मागणारा राजा प्रत्येक पिढीत जन्माला येतो. फरक इतकाच, की आता ते फेकायला शेख उरलेला नसतो, म्हणून ते काम शिष्याच्या लेखणीला करावे लागते.

२०/
काळ पुढे सरकला तशा खुणा अधिक ठसठशीत झाल्या. बुऱ्हानुद्दीनांच्या दर्ग्याविषयी सांगतात की शिष्यांपाशी खर्चाला काही उरले नाही, तेव्हा अंगणात रात्रीतून चांदीची झाडे उगवू लागली. १८८४ च्या औरंगाबाद गॅझेटियरनेही ही आख्यायिका नोंदवली. अडलेल्या वेतनावर हसनला एक गोष्ट मिळाली होती. आख्यायिकेतल्या शिष्यांना थेट चांदी मिळते. अडचण तीच, पण उपाय अंतरंगातून अंगणात आला.

२१/
इतिहास शिकणाऱ्यासाठी इथे एक कसोटी हाती लागते. चौदाव्या शतकातच पूर्वीच्या चिश्ती गुरूंच्या नावावर बनावट मलफूझात फिरत होती. निजामुद्दीनांचे दिल्लीतले उत्तराधिकारी नसीरुद्दीन चिराग-ए-देहली यांनी स्पष्ट सांगितले होते की आपल्या परंपरेतल्या त्या गुरूंनी ग्रंथ लिहिलेच नाहीत. विसाव्या शतकात मोहम्मद हबीब यांनी अस्सल आणि बनावट साधनांची छाननी केली. पुढे कार्ल अर्न्स्ट यांनी खुलताबादवरच्या आपल्या ग्रंथात (१९९२) इथल्या टिपणांचा सविस्तर अभ्यास मांडला.

२२/
त्या छाननीतून मिळणारे प्रश्न सोपे आहेत. लिहिणारा बैठकीत हजर होता का? तारखा आहेत का? वक्त्याने मजकूर पाहिला होता का? आणि सर्वांत महत्त्वाचा : लेखक कधी अडखळतो का, जागा कोरी सोडतो का?

हसन सोडतो. बनावट वहीत कोऱ्या जागा सहसा नसतात. तिथे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असते आणि प्रत्येक नेम बरोबर बसतो. मेंटॅलिस्टचा प्रयोग पाहून आलेला प्रेक्षकही तसेच करतो : चुकलेले अंदाज विसरतो आणि बरोबर निघालेला एक घरी येऊन दहा जणांना सांगतो. करामतींचा संग्रह वाचताना आपण प्रेक्षकाची आठवण वाचत असतो, हे भान सुटू देऊ नये.

२३/
बुऱ्हानुद्दीनांनंतर ही गादी झैनुद्दीन शिराझी यांच्याकडे आली. त्यांचीही संभाषणे ‘हिदायत-उल-कुलूब’ या ग्रंथात नोंदली गेली. त्यांना ‘बाईसवे ख्वाजा’ म्हणतात. १३६९ मध्ये ते वारले. त्यांनी आपल्यामागे कोणालाही उत्तराधिकारी नेमले नाही. अधिकृत परंपरा तिथे थांबली, वह्या उरल्या. औरंगजेबाची कबर आहे ती यांच्याच दर्ग्याच्या आवारात.

२४/
खुलताबादेत आजही उरुसाला आणि शनिवारी भद्रा मारुतीला गर्दी लोटते. येणाऱ्या बहुतेकांच्या मनात न बोललेले काहीतरी असते : मुलाची नोकरी, मुलीचे लग्न, घरातले दुखणे. ते कोणीतरी ओळखावे, ही इच्छा जुनी आणि निर्दोष आहे. तिचा धंदा करणारेही तितकेच जुने आहेत.

दोहोंमधला फरक हसनच्या वहीत दोन प्रसंगांनी नोंदला आहे. राजाला ओळख पटवून हवी होती, त्याला गाढवाची गोष्ट आणि सफरचंद मिळाले. हसनने काहीच मागितले नव्हते, त्याला जानवे राखलेल्या ब्राह्मणाची गोष्ट मिळाली. राजाचे नाव निजामुद्दीनांच्या गोष्टीत येत नाही. हसनने ती वही लिहिली आणि तो या डोंगरावर विसावला.

(समाप्त)